काशींतील मराठी घाट : एक विचार

काशीस जाणारा महाराष्ट्रीय यात्रेकरू बहुधा दशाश्वमेध, मणिकर्णिका व श्रीविश्वेश्वर यांचें दर्शन घेऊन परततो. मणिकर्णिकेच्या उत्तरेस नदीकांठानें चालत गेल्यास नागपूरकर भोसल्यांचा घाट, पुढें रामघाट, पंचगंगा, दुर्गाघाट व ब्रह्माघाट असे क्रमानें लागतात. तेथें गर्दी विरळ होते. अमडापुराहून (ता. चिखली, जि. बुलढाणा) काशीयात्रेस गेलों असतां आम्ही या भागांत मुद्दाम हिंडलों. मराठ्यांचा अंमल ज्या नगरांत कधींच बसला नाहीं, तेथें मराठ्यांचे इतके घाट कसे उभे राहिले, हा प्रश्न येथें विचारास घेतला आहे.

प्रथम विद्या आली, द्रव्य मागाहून आलें. सोळाव्या शतकांत पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट हे ‘त्रिस्थलीसेतु’चे कर्ते. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनीं इ. स. १६१२ मध्यें ‘निर्णयसिंधु’ रचिला, आणि इ. स. १६७४ मध्यें शिवछत्रपतींस राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे याच कुळांतले. म्हणजे पेशवाईच्या पूर्वीं शंभरांहून अधिक वर्षें दाक्षिणात्य पंडितांचें स्थान काशींत दृढ झालें होतें.

या पायावर पुढची वसाहत उभी राहिली. पेशव्यांस गुरुस्थानीं असलेले नारायण दीक्षित पाटणकर हे गोदातीरींच्या कायगांवचे. काशीस आल्यावर त्यांनीं मासे धरणाऱ्या लोकांकडून नदीकांठची जमीन विकत घेतली व इ. स. १७४० च्या सुमारास दुर्गाघाट व ब्रह्माघाट बांधविले. येथें ‘विकत घेतली’ हे शब्द ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. काशी आपल्या हातीं यावी अशी पेशव्यांची उत्कट इच्छा होती, पण ती सफळ झाली नाहीं. नगर अयोध्येच्या नबाबाकडे होतें आणि इ. स. १७७५ मध्यें तें कंपनीकडे गेलें. अहल्याबाईंनीं विश्वेश्वराचें देवालय बांधलें तेंही परसत्तेखालींच. सारांश, हे घाट जयस्तंभ नव्हेत. ज्या भूमीवर आपला हुकूम चालत नाहीं, तेथें द्रव्य, विद्या व शेजारधर्म यांच्या बळावर लोक कसे रुजतात, याचे ते साक्षी आहेत.

पंचगंगेवर हीच गोष्ट निराळ्या रीतीनें दिसते. बिंदुमाधवाचें प्राचीन मंदिर तावर्निये या फ्रेंच प्रवाशानें इ. स. १६६५ मध्यें पाहिलें होतें. तें औरंगजेबाच्या काळीं पडून तेथें मशीद झाली. तिच्या उंच मनोऱ्यांची डागडुजी एकोणिसाव्या शतकांत जेम्स प्रिन्सेप यानें केली, पुढें इ. स. १९४८ मध्यें त्यांपैकीं एक कोसळला, आणि आतां दोन्ही नाहींत. औंधकर प्रतिनिधींनीं बांधलेलें बिंदुमाधवाचें लहान देऊळ जवळच आहे. मूळ जागेचा आग्रह न धरतां देवता परिसरांतच राखली गेली.

दीक्षित घराण्याचा पत्रव्यवहार छापला गेला, म्हणून ब्रह्माघाटाचा इतिहास निदान थोडा तरी सांगतां येतो. इतर घरांचे कागद तितके भाग्यवान नाहींत. काशींतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचीं नांवें, गांवें व वंशावळी नोंदल्या जात असत. त्यांतील मोडी लेख वाचणारे आज थोडेच उरले आहेत. वऱ्हाडांतील ज्या घराण्यांत काशीयात्रेचीं जुनीं पत्रें असतील त्यांनीं त्यांच्या नकला करवून घ्याव्या, आणि काशीस जाणाऱ्यांनीं आपल्या कुळाचा लेख पाहून उतरून आणावा. घाटांचे दगड आणखी कांहीं शतकें टिकतील. कागदास तेवढी मुदत नाहीं.