तिगावच्या मातीचं कूळ

नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी पांढुर्णा सोडून तिगावला येते आणि तिथून पुढे घाट सुरू होतो. वर मुलताईचं पठार, खाली नागपूरकडे उतरत जाणारं रान. सातपुड्याच्या या पायथ्याशी कोसभर चाललं तरी माती दोन-तीनदा बदलते. टेकाडावर बरड, उतारावर खरडी, मधल्या पट्ट्यात मोरंड आणि नाल्याच्या अंगाला खोल काळी. खालचा खडक मात्र एकच, बेसॉल्ट.

हा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसातून थराथरानं साचला. दोन थरांच्या मधल्या काळात तळी भरली, झाडं वाढली. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान इथे त्या तळ्यांच्या गाळात फळं, बिया आणि खोडं दगड होऊन राहिली आहेत. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी १९३०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. त्यांत नायपा या ताडाच्या जातीचं फळही सापडलं. हे झाड आज भरती-ओहोटीच्या खाजणात वाढतं. म्हणजे तेव्हा इथली हवा वेगळी होती, झाडोराही वेगळा होता.

आजची माती घडवली ती नंतरच्या पावसानं. महाबळेश्वरला हाच बेसॉल्ट वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलतो. तिथे चुना आणि सिलिका विरघळून वाहून गेली, लोह व ॲल्युमिनियम मागे राहून जांभा तयार झाला. तिगावकडे पाऊस त्या मानानं फार कमी, तोही चार महिन्यांचा. उरलेलं वर्ष कोरडं. त्यामुळे चुना मातीतच राहिला आणि पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती घडली. उतारावरची माती वाहून सखल भागात साचत गेली. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची ढेकळं त्यांत कोसळतात आणि मृगाच्या पावसात सगळं फुगून मिटतं. अशी ही माती वर्षानुवर्षं आतून ढवळली जाते.

शेतकऱ्याला हे पिकांवरून ठाऊक होतं. १८५४ साली नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. पुढे जमाबंदीच्या अधिकाऱ्यांनी सारा ठरवताना काळी, मोरंड, खरडी, बरडी हीच गावकीची प्रतवारी कागदावर घेतली. रशियात मृदाशास्त्रज्ञ डोकुचाएव यांनी १८८३ साली तिथल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला. खडक, हवामान, जीवसृष्टी, उतार आणि काळ मिळून माती घडते, हा विचार त्यांच्या कामातून रुजला. शेताच्या चढउताराप्रमाणे मातीला नावं देणाऱ्यांनी त्यातलं बरंचसं आधीच ताडलं होतं. नागपूरला मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आली ती १९७६ साली.

आज या पट्ट्यात संत्रा आहे, आणि संत्र्याला मातीची ही वंशावळ चुकवता येत नाही. मृग बहार धरायचा तर मे महिन्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळीत ओल धरून राहिल्यानं लांबतो. त्याच काळीत पावसाचं पाणी तुंबलं की मुळं सडतात, खोडाला डिंक्या लागतो. निचऱ्याच्या मध्यम जमिनीत तेच झाड सुखानं वाढतं.

म्हणून 'इथली जमीन काळी आहे' एवढ्यावर बाग लावू नये. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी नमुना घेतात तो वरच्या वीतभर थराचा. झाडाची मुळं त्याच्या कितीतरी खाली जातात. कलम लावण्याआधी माणूसभर खड्डा खणावा. मुरूम किती खोलीवर लागतो, चुनखडीचे खडे कुठून सुरू होतात, पाणी ओतलं तर किती वेळात जिरतं, हे डोळ्यांनी पाहावं. आणि बरडावरची माती बांध घालून, गवत राखून जागच्या जागी अडवावी. ती घडायला हजारो वर्षं लागली आहेत. ती नाल्याला गेली, तर तेवढा काळ थांबणं कुठल्याच पिढीच्या हाती नाही.