धाराशिव जिल्ह्यातील उन्हाळा आणि सामाईक निवास : वाड्यापासून गृहसंकुलापर्यंत

बालाघाटच्या डोंगररांगेने आणि तिच्या माथ्यावरील पठाराने व्यापलेला धाराशिव जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो; येथे वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि जेथे कातळावर मातीचा थर पातळ आहे तेथे ते पाणी भूगर्भात फारसे टिकत नाही, त्यामुळे फाल्गुन सरता सरता ओढे आटतात आणि विहिरी तळ गाठू लागतात. चैत्र ते ज्येष्ठ हा काळ शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन हंगामांमधील उसंतीचा असला, तरी घराच्या आणि वस्तीच्या दृष्टीने तो वर्षातील सर्वांत कसोटीचा असतो. या जिल्ह्यातील सामाईक निवासाचा इतिहास उन्हाळ्याच्या अंगाने पाहिला असता एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती अशी की ऊन आणि पाणीटंचाई यांना एकट्या कुटुंबाने तोंड देणे येथे कधीच शक्य नव्हते, आणि म्हणून वस्तीतील कोणती जागा व कोणते पाणी सर्वांचे मानायचे, याचा निवाडा प्रत्येक पिढीला आपल्या परीने करावा लागला.

हा निवाडा करणाऱ्या सत्ता मात्र वेळोवेळी बदलल्या. १९०४ पर्यंत जिल्ह्याचे ठाणे नळदुर्ग येथे होते. त्यानंतर ते धाराशिवला आले आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून शहराला व जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग झाला, १९८२ मध्ये लातूर हा वेगळा जिल्हा झाला आणि २०२३ मध्ये धाराशिव हे जुने नाव अधिकृतपणे परत आले. या स्थित्यंतरांत जमिनीचे व घरांचे कायदे बदलले, परंतु उन्हाळ्याशी झुंजण्याच्या चालीरीती त्याहून पुष्कळ सावकाश बदलल्या.

या भागातील जुने घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंतींचे आणि माळवदाचे घर होय. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छप्पर. त्यात उजेडासाठी आणि धूर निघून जाण्यासाठी ठेवलेल्या झरोक्याला साणे म्हणतात. दोन-अडीच हात रुंदीची भिंत आणि मातीचे छप्पर दिवसाची उष्णता आत पोचू देत नसे, त्यामुळे भर दुपारी माजघरात गारवा राही, आणि रात्री तेच माळवद अंथरुणे टाकण्याची जागा होई. मोठ्या वाड्यांत प्रवेशाशी ढाळज, म्हणजे दरवाजाच्या आतील दोन्ही बाजूंच्या ओसऱ्या, मध्ये उघडा चौक आणि चौकाच्या कडेला आड अशी रचना असे. भावकीतील अनेक चुली एकाच दरवाजाआड नांदत आणि चौक, आड व माळवद यांवर सर्वांचा वहिवाटीचा हक्क चाले. या हक्काबरोबर कर्तव्यही येत असे, कारण मृगापूर्वी माळवदावर नवी माती टाकून ती चोपून घेणे हे काम टाळले, तर पावसाळ्यात एकाचे नव्हे, सगळ्यांचेच घर गळत असे. वाड्यातील ही व्यवस्था समतेची होती असे मात्र म्हणता येत नाही. ती भावकीपुरती होती, तिच्यातील निर्णय घरातील वडीलधारे पुरुष घेत आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला तिच्या आडाचे पाणी मिळत नसे.

वाड्याबाहेरही उन्हाळ्याची तजवीज बांधकामातूनच केलेली आढळते. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येईल अशी बांधीव विहीर, म्हणजे बारव, मराठवाड्यात अनेक गावांत दिसते. पाणी खाली गेले तरी ते हाताशी राहावे आणि पायऱ्यांच्या सावलीत वाटसरूला टेकता यावे, असा तिचा दुहेरी उपयोग असे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घालून त्याच बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. सतराव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात झालेले हे काम पाणी साठवणे आणि पाण्याच्या सान्निध्यात गारवा मिळवणे, असे दोन्ही हेतू एकाच रचनेत साधते. राजाचा गारवा आणि रयतेचे पाणी यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते, तथापि पाणी अडवल्याशिवाय या मुलखात वस्ती टिकत नाही ही जाणीव दोघांच्याही बांधकामांत समान होती.

सामाईक जागेचा सर्वांत भरघोस उपयोग उन्हाळी कामांच्या दिवसांत होई, आणि या कामांचा सगळा भार स्त्रियांवर असे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून शिजवणे, ज्वारीचे व उडदाचे पापड लाटणे, शेवया वळणे, सांडगे घालणे, कैरीचे लोणचे भरणे आणि वर्षभराचे तिखट कुटून ठेवणे ही कामे एका घरच्या बायकांनी उरकणे अवघड होते, म्हणून आज एकीकडे तर उद्या दुसरीकडे अशा पाळीने शेजारणी जमत आणि मजुरी न घेता श्रमांची परतफेड श्रमांनीच होत असे. चिकाच्या पातेल्यापासून वाळवणाच्या धोतरापर्यंत सर्व वस्तू गल्लीत फिरत. वाळवण पसरण्यासाठी माळवद, ते राखण्यासाठी सुट्टी लागलेली मुले आणि कुटण्यासाठी ओसरीतील उखळ, अशा प्रकारे वाड्याचा प्रत्येक भाग या दिवसांत कामाला लागे. पावसाळ्यातील तुटपुंज्या भाजीपाल्याच्या महिन्यांत हीच साठवण ताटात येत असल्यामुळे या कामांना गृहिणीची हौस समजणे चुकीचे ठरेल. ती अन्नसुरक्षेची सामूहिक व्यवस्था होती.

याच महिन्यांत जिल्ह्यातील मोठ्या यात्रा भरतात, ही गोष्टही शेतीच्या उसंतीशी निगडित आहे. गुढीपाडव्याला सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतमजुराचे, साल पालटते आणि जुने हिशेब संपून नवे ठरतात. त्यानंतर चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते, जिच्यात पालखी आमराईकडे जात असताना भाविक रानातील चुनखडीचे खडे वेचतात. मंदिराच्या रंगकामासाठी लागणारा चुना हजारो हातांनी गोळा व्हावा, ही प्रथा सार्वजनिक वास्तूची उन्हाळी डागडुजी आणि भक्ती यांची सांगड घालते. चैत्र वद्य त्रयोदशीला तेर येथे संत गोरोबाकाकांच्या समाधीचा सोहळा होतो. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७, मधील त्यांच्या समाधीचे स्मरण तेरणेच्या काठी भर उन्हाळ्यात केले जाते. संत कुंभार होते, आणि उन्हाळ्यात प्रत्येक घर कुंभाराच्या माठावर व रांजणावर अवलंबून असते, हा योग या गावाच्या बाबतीत विशेष अर्थपूर्ण आहे. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने मातीचा करा पाण्याने भरून पुजण्याची आणि वाटसरूंसाठी पाणपोई चालवण्याची चाल याच महिन्यांतील असून, पाणी देणे हे या प्रदेशात श्रेष्ठ दान का मानले गेले, याचे उत्तर येथील भूगोलातच आहे.

१९७२ च्या दुष्काळाने या जुन्या व्यवस्थेची मर्यादा उघडी पाडली. आड आणि बारवा कोरड्या पडल्यावर भावकीचा हक्क निरर्थक झाला, वाड्यातील आणि वाड्याबाहेरील माणसे खडी फोडण्याच्या व पाझर तलाव खोदण्याच्या कामांवर शेजारी शेजारी उभी राहिली, आणि सरकारी सुकडीवर मुलांची पोटे भरली. पाझर तलाव म्हणजे अडवलेले पाणी जमिनीत मुरावे व खालच्या विहिरींना ते मिळावे यासाठी केलेला तलाव होय. या अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली आणि तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. याच दशकात विंधन विहिरी व हातपंप गावोगावी पोचले. सोलापुरात विकसित झालेल्या हातपंपाच्या धर्तीवर ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला आणि लोकांनी त्याला हापसा म्हटले. हापसा सरकारी असल्यामुळे तो कोणा एका घराण्याचा नव्हता, आणि पाण्यावरील जातीचे व भावकीचे अडसर सैल होण्यास त्याचा हातभार लागला, जरी ते अडसर त्यामुळे नाहीसे झाले नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने मात्र निवासाचा पायाच हलवला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, आणि उन्हाळ्यात गारवा देणारी तीच जाड दगडी भिंत व तेच मातीचे जड माळवद मृत्यूचे मुख्य कारण ठरले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात अत्यंत नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. सास्तूर, होळी, पेठसांगवी या धाराशिव जिल्ह्यातील गावांचा त्यांत समावेश होता. जमीनधारणेनुसार २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची भूकंपरोधक पक्की घरे देण्यात आली आणि गावकरी व प्रशासन यांच्यातील दुवा म्हणून गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. वाड्यातील निर्णयप्रक्रियेत ज्यांना स्थान नव्हते, त्या स्त्रिया घराच्या बांधणीविषयी अधिकाराने बोलू लागल्या, ही या कार्यक्रमाची मोठी कमाई होय.

नव्या गावांनी सुरक्षितता दिली, परंतु उन्हाळ्याच्या बाबतीत त्यांची रचना उणी पडली. सरळ आखलेले रुंद रस्ते आणि सुटे भूखंड यांमुळे जुन्या गल्लीतील एकमेकांवर पडणारी भिंतींची सावली गेली, चौक आणि ढाळज यांना आराखड्यात स्थान मिळाले नाही, आणि सिमेंट काँक्रीटचे पातळ छत दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत धगधगत राहिले. लोकांनी पुढे आपापल्या घरांपुढे पत्र्याचे मांडव व पडव्या उभारल्या, झाडे लावली आणि कुंपणाआड पुन्हा अंगण तयार केले. नियोजनात सुटलेली सामाईक सावली त्यांनी वैयक्तिक खर्चाने भरून काढली. वास्तूचे बळ आणि वस्तीचा गारवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे शक्य होते, परंतु जुन्या घराचा दोष काढताना त्याचा गुणही टाकून दिला गेला.

शहरातील सामाईक निवासाने वेगळी वाट धरली. सहकारी गृहनिर्माणाची परंपरा मुंबईत १९१५ च्या सुमारास गावदेवीतील सारस्वत गृहनिर्माण संस्थेपासून सुरू होते; महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा असून सदनिका मालकीचा, म्हणजेच अपार्टमेंटचा, अधिनियम १९७० चा आहे. सहकारी संस्थेत जमीन व इमारत संस्थेच्या नावे असते आणि सभासदाला भागधारक म्हणून सदनिकेच्या वापराचा हक्क मिळतो, तर अपार्टमेंटच्या पद्धतीत प्रत्येकाची सदनिका त्याच्या मालकीची असून जमीन, जिना, गच्ची व पाण्याच्या टाक्या अशा सामाईक क्षेत्रात त्याचा अविभक्त हिस्सा असतो. असे क्षेत्र कोणते, हे घोषणापत्र नावाच्या नोंदणीकृत दस्तात लिहिलेले असते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची नागरी लोकसंख्या सुमारे १७ टक्केच होती, त्यामुळे अशी संकुले येथे उशिरा आणि थोड्या संख्येने आली, तरी समर्थनगर आणि तांबरी विभाग यांसारख्या वसाहतींनी वाढलेल्या जिल्हा मुख्यालयात बंगल्यांच्या भूखंडांशेजारी सदनिकांच्या इमारती आता नेहमीच्या झाल्या आहेत.

या इमारतींच्या सूचनाफलकावर उन्हाळ्यात लागणारे कागद वाड्यातील व्यवहारांचेच नवे रूप आहेत. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपल्यावर हिशेब, देखभाल खर्चाची थकबाकी, टाकी धुण्याचा दिवस, पाणी सोडण्याच्या वेळा, टँकरच्या खर्चाची वाटणी, पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या गळतीवर उपाय आणि मुलांसाठी सुट्टीतील खेळ यांविषयीची निवेदने तेथे दिसतात. माळवदावर माती टाकण्याची जबाबदारी गच्चीच्या जलरोधनात आणि आडाची पाळी टाकीच्या वेळापत्रकात उतरली आहे. फरक असा की येथे हक्क वहिवाटीवर नव्हे, लेखी नियमावर उभा आहे, निर्णय सर्वसाधारण सभेत मतदानाने होतो आणि जातीच्या किंवा भावकीच्या आधारे कोणालाही पाणी नाकारता येत नाही. हा लाभ मोठा आहे व तो जपला पाहिजे.

तथापि, नियम जागेला वाचवतोच असे नाही. गच्चीला कुलूप लागले की वाळवणे बंद होतात, तळमजल्याची मोकळी जागा वाहनांनी भरली की मुलांचा खेळ व वृद्धांची संध्याकाळची बैठक संपते, आणि प्रत्येक घराने स्वतंत्र विंधन विहीर घेतली की सर्वांचीच पातळी खाली जाते. २०१२ नंतरच्या लागोपाठच्या दुष्काळी वर्षांनी आणि दूरच्या उजनी धरणातून शहरासाठी पाणी आणण्याच्या गरजेने हे सिद्ध केले आहे की या जिल्ह्यात पैसा असलेल्या घरालाही पाण्याची खाजगी हमी मिळत नाही. वाड्याचा इतिहास विषमतेबद्दल सावध करतो, १९७२ चा इतिहास पाणी अडवण्याची निकड सांगतो आणि १९९३ नंतरच्या गावांचा इतिहास सावलीला आराखड्यात जागा द्यावी हे शिकवतो. म्हणून धाराशिवमधील प्रत्येक नव्या संकुलाच्या घोषणापत्रात गच्ची, विहीर, छतावरील पावसाचे पाणी मुरवण्याची सोय आणि झाडांखालील मोकळी जागा यांची सामाईक क्षेत्र म्हणून स्पष्ट नोंद होणे, तसेच एप्रिल-मेच्या सभांत या चार गोष्टींवर खर्च मंजूर होणे, ही इतिहासाने घालून दिलेली किमान अट मानावी लागेल. जेथे ती पाळली जात नाही, तेथे टंचाईचा भार पूर्वीप्रमाणेच पाणी भरणाऱ्या स्त्रियांवर आणि टँकर न परवडणाऱ्या कुटुंबांवर पडत राहील.