कुंडीतील झाडांसाठी गांडूळखत आणि कंपोस्ट-अर्क

शेण, पालापाचोळा, ओला कचरा असे कुजणारे पदार्थ खाऊन गांडुळांनी टाकलेली विष्ठा म्हणजे गांडूळखत. तयार खत, मग ते गांडुळांचे असो वा नुसते कुजवलेले, पाण्यात भिजवून किंवा हवा सोडून घुसळून काढलेला द्रव म्हणजे कंपोस्ट-अर्क. गच्चीवर बाग करणाऱ्यांत त्याचे ‘कंपोस्ट टी’ हेच नाव रूढ आहे. गांडुळांच्या वाफ्यातून मुद्दाम पाणी झिरपवून मिळवतात ते व्हर्मिवॉश. वाफ्याच्या किंवा कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी आपोआप साचणारे काळे पाणी मात्र अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचा रस असतो. त्याला अर्क समजून झाडांना घालण्याची पद्धत आहे, ती टाळावी. या नोंदीत फक्त कुंडी, ग्रो-बॅग आणि तत्सम भांड्यांतील वापराचा विचार केला आहे. शेतीतील अनुभव कुंडीला जसाच्या तसा लावल्याने या विषयात बराच गोंधळ माजलेला आहे.

इतिहास : चार्ल्स डार्विनने १८३७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे गांडुळे आणि जमिनीचा सुपीक थर यांच्यावर निबंध वाचला आणि १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, याच विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन पृष्ठभागावर येते, असे अनुमान त्याने त्यात मांडले. गांडुळांचे वर्तन पाहण्यासाठी त्याने ती मातीने भरलेल्या कुंड्यांतच अभ्यासिकेत ठेवली होती. तरीही त्याचे निष्कर्ष कुंडीच्या कामाचे नाहीत. फ्रेंच संशोधक मार्सेल बुशे याने १९७७ मध्ये गांडुळांचे राहणीनुसार तीन गट केले : पृष्ठभागावरच्या कुजक्या पदार्थांत राहणारी, मातीत आडवी बिळे करणारी आणि खोल उभी बिळे करणारी. डार्विनचे टनांचे आकडे मुख्यतः मातीत राहणाऱ्या गांडुळांचे आहेत. खत बनवण्यासाठी पाळतात ती पहिल्या गटातली : आयसेनिया फेटिडा, आफ्रिकेतून आलेले युड्रिलस युजेनी आणि आपल्याकडचे पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. ही गांडुळे कुंडीतल्या मातीत सोडली, तर खायला पुरेसे मिळत नाही म्हणून मरतात किंवा तळाच्या भोकातून निघून जातात. कुंडीला गांडूळ नको, त्याची विष्ठा हवी. भारतात चेन्नईचे सुलतान अहमद इस्माईल आणि पुण्याचे उदय भवाळकर यांनी गांडूळपालनाचा प्रसार केला. आयसेनियाच्या वापराला नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते सुभाष पाळेकर यांचा विरोध आहे. हा जीव परका असून देशी गांडुळाचे काम तो करत नाही, असे ते मांडतात. हा वाद जमिनीच्या संदर्भातला आहे. कुंडीत जिवंत गांडूळ घालायचेच नसल्याने त्याचा निकाल काहीही लागला, तरी पुढील विवेचनात फरक पडत नाही.

घटक : खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये सेंद्रिय खतांचा समावेश २००६ मध्ये झाला. त्यानुसार विक्रीच्या गांडूळखतात आर्द्रता १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के, नत्र किमान १ टक्का, आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी किमान ०.८ टक्का असावे लागते. घरच्या डब्यातल्या खताला ही हमी नसते. गांडुळाला जे खायला घातले, तेच रूप बदलून बाहेर येते, म्हणून शेणाचे आणि भाजीच्या देठांचे खत सारखे नसते. उष्णता धरून कुजणाऱ्या ढिगाच्या तुलनेत गांडूळखतातील खनिज नत्र बहुतांशी नायट्रेटच्या रूपात असते आणि मुळांना ते लगेच घेता येते. पण एकूण नत्राचा मोठा भाग सेंद्रिय संयुगांत बांधलेला असून सूक्ष्मजीव तो सावकाश मोकळा करतात. गांडुळांच्या वाफ्यात उष्णता वाढत नाही, म्हणून बियांची उगवणशक्ती टिकते. स्वयंपाकघरातील कचऱ्याचे खत घातलेल्या कुंडीत टोमॅटोची रोपे न लावता उगवतात ती यामुळेच.

प्रमाण : कुंडीतल्या मुळांना दूर जाऊन अन्न शोधता येत नाही आणि चुकून जास्त पडलेला क्षारही पाण्याने धुऊन जाईपर्यंत तिथेच राहतो. शेतात चार पाट्या खत अधिक पडले, तर ते मोठ्या क्षेत्रात पांगते. कुंडीत त्याला जागा नसते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीविरहित माध्यमाचा काही भाग काढून त्याजागी गांडूळखत घालून कुंड्यांत रोपे वाढवली. साधारण १० ते २० टक्के खत असलेल्या मिश्रणांत वाढ चांगली झाली, निव्वळ गांडूळखतात ती मागे पडली. लागणारी सर्व अन्नद्रव्ये वेगळी पुरवली, तरीही थोड्या गांडूळखताने वाढ सुधारते, असे त्यांना आढळले. त्याचे श्रेय ते ह्युमिक आम्लांना आणि वाढ-संप्रेरकांसारख्या द्रव्यांना देतात. हे स्पष्टीकरण कितपत पुरेसे आहे हा वेगळा प्रश्न. प्रमाणाला वरची मर्यादा आहे, एवढे या प्रयोगांतून नक्की दिसते. ‘शेणखत काय, कितीही घाला’ ही समजूत कुंडीपुरती तरी सोडून द्यावी. मर्यादेला क्षारांखेरीज आणखी एक कारण आहे. गांडूळखताचे कण बारीक असतात. पाणी दिल्यावर कुंडीच्या तळाशी काही उंचीपर्यंत ओल साठून राहते आणि माध्यम जितके बारीक, तितका हा ओला थर जाड. तळाला खडी घातली, तर थर फक्त वर सरकतो, म्हणजे मुळांची जागाच कमी होते, तरी तो सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. जुलैच्या झडीत निव्वळ गांडूळखत भरलेल्या कुंडीत मुळे कुजण्याचे कारण खताच्या ‘उष्णते’त शोधण्यापेक्षा या थरात शोधावे. म्हणून मिश्रणात पाचवा हिस्सा गांडूळखत, उरलेल्यात माती, कोकोपीट आणि निचऱ्यासाठी विटांचा चुरा किंवा भरड वाळू, हे माप सुरक्षित ठरते.

अर्काचा हिशेब : अर्क हे गांडूळखताचे अधिक प्रभावी रूप आहे, असा दावा सर्वत्र ऐकू येतो. तो तपासायला साधा गुणाकार पुरतो. एक किलो गांडूळखत दहा लिटर पाण्यात भिजवले आणि त्यातले अर्धा लिटर एका कुंडीला घातले, तर त्या कुंडीच्या वाट्याला ५० ग्रॅम खताचा विद्राव्य भाग येतो. एक टक्का नत्र धरला, तर ५० ग्रॅम खतात सगळा मिळून अर्धा ग्रॅम नत्र असतो आणि पाण्यात त्यातलाही काही भागच उतरतो. तेच ५० ग्रॅम, म्हणजे लहानशी मूठ, कुंडीच्या पृष्ठभागावर पसरले, तर विद्राव्य भाग पुढच्या पाण्याबरोबर मुळांपर्यंत जातो आणि न विरघळलेला भाग तिथेच राहून पुढचे काही महिने सावकाश मोकळा होतो. अर्काच्या पद्धतीत हा दुसरा भाग बादलीतल्या गाळात उरतो. म्हणजे ज्या कुंडीवर गांडूळखत पसरलेले आहे, तिला पाणी देणाऱ्याने प्रत्येक वेळी अर्कच दिलेला असतो. तुलनेसाठी : पंधरा लिटरच्या कुंडीत पाचवा हिस्सा, म्हणजे तीन लिटर गांडूळखत घातले आणि लिटरला सुमारे आठशे ग्रॅम वजन धरले, तर जवळपास २४ ग्रॅम नत्राचा साठा होतो. त्यापुढे दर पंधरवड्याच्या अर्ध्या लिटर अर्काची भर नगण्य आहे. गांडूळखताने हिरवीगार झालेल्या कुंडीचे श्रेय अर्काला मिळते, कारण अर्क घातल्याचा दिवस लक्षात राहतो आणि चार महिन्यांपूर्वी मातीत मिसळलेले खत विसरले जाते.

यावर पहिला आक्षेप असा, की अर्कातून अन्नद्रव्ये द्यायचीच नसतात, सूक्ष्मजीव द्यायचे असतात. अमेरिकन संशोधक इलेन इंगम यांनी हा विचार लोकप्रिय केला : हवा सोडून, अन्न घालून उपयुक्त जिवाणू आणि बुरशी वाढवायच्या व त्या मातीत सोडायच्या. विचार तर्काला धरून आहे. अडचण पुराव्याची आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी अर्काच्या दाव्यांमागील पुरावा तोकडा असल्याचे वारंवार दाखवून दिले आहे. कुंडीत तर प्रश्न आणखी सोपा होतो. ज्या गांडूळखतातून हे जीव अर्कात यायचे, ते खत मुळांजवळ असताना त्यांना बादलीतून फेरी मारून आणण्याचे प्रयोजन काय? बादलीत वाढलेली संख्या कुंडीत टिकते ती तिथल्या कर्बावर, आणि कर्ब खतात आहे, अर्कात तो फारच थोडा असतो.

दुसरा आक्षेप रोगांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. शॉयरेल आणि महाफी या संशोधकांनी २००४ मध्ये काकडीच्या रोपांची पिथियम या बुरशीसदृश जीवामुळे होणारी मर अर्काने रोखता येते का, हे मातीविरहित कुंडी-माध्यमात तपासले. कुंडीच्या दृष्टीने हा नेमका प्रयोग आहे. परिणाम अर्क बनवण्याच्या पद्धतीनुसार ‘काहीच नाही’पासून ‘सातत्याने चांगला’ इथपर्यंत पसरलेले होते. हवा सोडून, समुद्रशैवाल आणि ह्युमिक आम्ल घालून केलेला अर्क सर्वांत भरवशाचा ठरला. मळीवर आधारित पूरक घातलेला अर्क कधी चालला, कधी नाही. शिल्लक राहिलेली साखर रोग रोखण्याच्या आड येत असावी, असा त्यांचा कयास आहे. अर्क पातळ केल्याने किंवा तापवल्याने गुण कमी झाला. म्हणजे अर्क रोग रोखू शकतो, हे मान्य करावे लागते. पण घरी बादलीत गूळ घालून केलेला आणि रंग चहासारखा दिसेपर्यंत पाणी वाढवलेला अर्क या प्रयोगाचा आधार घेऊ शकत नाही.

गूळ घालण्याचा प्रश्न इथे संपत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाच्या कृतिगटाने २००४ मध्ये अहवाल दिला, त्यात पूरक अन्न घातलेला अर्क जिवाणू-तपासणीशिवाय खाद्य पिकांवर सरसकट वापरू नये अशी भूमिका घेतली. इन्ग्राम आणि मिलनर यांच्या २००७ च्या अभ्यासात अशा पूरकांमुळे अर्कात इ. कोलाय व साल्मोनेला वाढू शकतात असे दिसले. आपल्याकडील जीवामृताची पाळेकरांची कृती शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांची आहे. ती एकरभर जमिनीसाठी आहे आणि तिथल्या उपयोगाविषयी या नोंदीत मत दिलेले नाही. तेच मिश्रण बाल्कनीतल्या कोथिंबीर-पुदिन्यावर फवारून ती पाने कच्ची खाणे वेगळे. ताज्या शेणखतासाठी अमेरिकेचा सेंद्रिय नियम मातीला लागणारे खाद्य भाग असलेल्या पिकांना काढणीपूर्वी १२० दिवस आणि इतरांना ९० दिवस अंतर ठेवायला सांगतो. पालेभाज्यांच्या कुंडीत तेवढा अवधीच नसतो. नीट मुरलेले, मातीचा वास येणारे गांडूळखत लागवडीआधी मिसळणे हाच तिथला मार्ग.

अर्क कुठे योग्य : जिथे घन खत ठेवायला जागा नाही, तिथे. सालीच्या तुकड्यांत किंवा कोळशावर वाढवलेल्या ऑर्किडांच्या माध्यमातील फटी गांडूळखताने बुजतात, म्हणून त्यांना गाळलेला पातळ अर्क फवारणे योग्य. मुळांनी गच्च भरलेली आणि वर्षभर बदलता न येणारी मोठी कुंडी, तसेच लटकत्या टोपल्या यांनाही तो सोयीचा. अशा वेळी खत साध्या पाण्यात भिजवावे, गूळ घालू नये, फडक्यातून गाळावे आणि त्याच दिवशी वापरावे. सडका वास आला, तर अर्क फेकून द्यावा.

वरून खत देणे : दोन-तीन महिन्यांनी वरची इंचभर माती हलकी करून दहा-बारा इंची कुंडीला दोन मुठी. उन्हात सुकलेले गांडूळखत कडक होते आणि पुन्हा सहज भिजत नाही, म्हणून त्यावर वाळक्या पानांचा थर हवा. मे महिन्यात तर हवाच. टोमॅटो, वांगी, मिरची यांची भूक एवढ्याने भागत नाही, त्यांना निंबोळी पेंडीची जोड द्यावी लागते.

निवडुंग : मिश्रणात दहावा हिस्सा गांडूळखत पुरे, अर्काची गरज नाही.