बऱ्या झालेल्या रोग्यांचा इतिहास

रोगाचा इतिहास पुष्कळदां लिहिला जातो. रोग बरा झाल्यावर रोग्याचें पुढें काय झालें, हें मात्र क्वचितच कोणी लिहितो. हॉजकिनच्या रोगाच्या बाबतींत तें लिहावें लागलें.

लंडनच्या गाय रुग्णालयांतील टॉमस हॉजकिन यांनीं १८३२ सालीं या रोगाचें वर्णन केलें. मानेंतील, काखेंतील, छातींतील लसीकाग्रंथि सुजतात, ज्वर येतो, शरीर झिजतें. आणि रोगी पुष्कळदां ऐन तारुण्यांतला असतो. पुढें शतकभर याचें निदान म्हणजे यमाचें बोलावणेंच समजलें जाई.

ही स्थिति दोन मार्गांनीं पालटली. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड येथें १९५६ सालीं वेगवर्धक यंत्र सुरू झालें. त्याचे प्रखर किरण मान, काखा व छाती या सबंध भागावर सोडण्याची पद्धति हेन्री कॅप्लन यांनीं रूढ केली. दुसरीकडे, वॉशिंग्टनजवळील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत व्हिन्सेंट डिव्हिटा व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ पासून चार औषधें एकत्र देऊन पाहिलीं. त्यांतील नायट्रोजन मस्टर्ड हें पहिल्या महायुद्धांतील विषारी वायूच्याच कुळांतलें. १९७० सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, रोग पसरलेल्या ४३ रोग्यांपैकीं ३५ जणांच्या शरीरांतून त्याची खूणहि नाहींशी झाली. ज्या रोगापुढें वैद्य हात टेकीत, त्याची ही कथा!

परंतु हे रोगी जगले म्हणूनच पुढची गोष्ट दिसून आली. पांचदहा वर्षांनीं त्यांच्यापैकीं कांहींना रक्ताचा कर्करोग झाला, आणि तो पहिल्याहून हट्टी होता. नायट्रोजन मस्टर्डसारखें औषध पेशींतील गुणसूत्रांना चिकटून त्यांची मोडतोड करितें. बहुतेक पेशी मरतात, व तेंच हवें असतें. पण मज्जेंतील एखादी निरोगी पेशी तुटलेलीं सूत्रें भलतींच जुळवून जगते, आणि तेथेंच नव्या रोगाचें बीज पडतें.

किरणांचें कर्ज अधिक सावकाश वसूल होतें. लहानपणीं उपचार झालेल्या १३८० रोग्यांची पाहणी १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील मुलींपैकीं शेंकडा सुमारें ३५ जणींस चाळिशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होईल, असा अंदाज तींत निघाला. हें अगदींच अनपेक्षित होतें असें म्हणवत नाहीं. क्ष-किरणांवर काम करणाऱ्या हॅम्बुर्गच्या एका कामगाराच्या हातावरील कर्करोगाची नोंद १९०२ सालींच झाली होती. तथापि कॅप्लन यांना दोष देणें मला न्याय्य वाटत नाहीं. त्या उपचारांवांचून यांतील बहुतेक मुली चाळिशीची चिंता करण्यास उरल्याच नसत्या. दोष द्यावयाचा तर तो ‘बरा झाला’ असें लिहून वही मिटण्याच्या घाईला.

मिलान येथील जानी बोनादोन्ना यांनीं १९७५ सालीं चार निराळ्या औषधांची योजना पुढें मांडली. तिच्यांतील एक औषध हृदयास जड जातें खरें. पण नंतर रक्ताचा कर्करोग होण्याचें प्रमाण फारच कमी. ही योजना गुणाला उणी नाहीं, हें १९९२ पर्यंत अमेरिकेंतील तुलनेनेंहि ठरलें. किरणांचें क्षेत्रहि आकुंचित झालें.

लहानपणीं छातीवर किरण घेतलेल्या स्त्रीनें पंचविसाव्या वर्षापासून, किंवा उपचारानंतर आठ वर्षांनीं, यांपैकीं जें मागाहून येईल तेव्हांपासून, दरवर्षीं स्तनांची तपासणी करून घ्यावी, असें आतां अमेरिकेंतील तज्ज्ञ सांगतात. त्यासाठीं आपल्याला किती किरण दिले व कोठें, हें तिला ठाऊक असावें लागतें. आणि तो कागद पुष्कळींजवळ नसतो.