भाभांची पायली

२४ जानेवारी २०२५. शुक्रवारची सकाळ. आमच्या शहापूरजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात स्फोट झाला. कामगारांचे जीव गेले. तेव्हापासून टक्कर, ऊर्जा, स्फोट हे शब्द कवितेत लिहिताना माझा हात अडखळतो.

याच तारखेला, १९६६ साली, डॉ. होमी भाभांचे विमान आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वतावर कोसळले. भाभा तेव्हा छप्पन वर्षांचे होते. माझ्याच वयाचे म्हणा ना. भाभा म्हटले की लोकांना अणुभट्टी आठवते, नाहीतर बॉम्ब. ते देशाच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार होते, हे खरेच. पण मित्रहो, त्याआधीचे भाभा मला अधिक जवळचे वाटतात. मी साधा बी.ए. झालेला माणूस, तेव्हा गणित वगळून सांगतो.

इलेक्ट्रॉन हा ऋण भाराचा कण. त्याचा उलट भाराचा जुळा, पॉझिट्रॉन, १९३२ साली आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांत सापडला. हे दोघे एकमेकांवर आदळले तर काय होईल? केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या या मुंबईकर तरुणाने १९३५ साली त्याचा हिशेब मांडला. दोघे एकमेकांची वाट वळवून निघून जातील, हे उघडच होते. पण दोघे एकमेकांत विरून जातील आणि त्याच ऊर्जेतून नवी जोडी जन्मेल, ही शक्यताही भाभांनी धरली. बाहेर पडलेली जोडी जुनी की नवी, हे सांगता येत नाही. दोन्ही शक्यता एकत्रच मोजाव्या लागतात.

या टकरीला जगभर ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात. जिनिव्हाजवळ जमिनीखालच्या २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात १९८९ ते २००० या काळात याच दोन कणांच्या टकरी घडवल्या गेल्या. त्या यंत्रातून टकरींचे पीक किती निघाले, हे मोजायला भाभांची टक्करच मापाला धरली. कारण तिचे गणित पक्के ठाऊक होते. आपण भंडाऱ्याचे लोक धानाच्या राशीपुढे पायली ठेवतो, तशी ही पायली. आकाश निरभ्र असले की जिनिव्हाहून माँ ब्लां दिसतो.

१९३७ साली भाभा आणि हाइटलर यांनी दुसरे कोडे उलगडले. वेगवान कण वातावरणात शिरला की प्रकाशकण निघतो, प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, तिच्यातून पुन्हा प्रकाशकण. बघता बघता कणांचा पाऊस पडतो. १९३९ साली भाभा सुटीवर भारतात आले आणि महायुद्धामुळे इथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. तिच्या संशोधकांनी जपान आणि इंग्लंडच्या सहकाऱ्यांबरोबर १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोल, वैश्विक किरणांतून जन्मलेल्या न्यूट्रिनोच्या खुणा टिपल्या. सोन्याच्या खाणीत माणसे असेही काही शोधत होती!

पुढे याच संस्थेने आपल्या शेजारच्या सातपुड्यात, पचमढीला, गॅमा किरणांसाठी दुर्बिणी मांडल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखच्या हानले येथे २१ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचे उद्घाटन झाले. ती उभारणाऱ्या केंद्राला भाभांचेच नाव आहे. दूरच्या ताऱ्याच्या अवशेषातून निघालेला गॅमा किरण हवेवर आदळला की भाभांनी सांगितलेला तोच पाऊस पडतो. त्याची निळसर चमक क्षणाच्याही अतिसूक्ष्म भागापुरती टिकते. ती टिपायला गडद अंधार लागतो. आम्ही ईदचा चंद्र शोधायला गच्चीवर चढतो. हे लोक बिनचंद्राची रात्र शोधतात.

टक्कर माणसे मारते, हे आमच्या गावाने पाहिले आहे. टकरीतून दूरच्या ताऱ्याची खबर मिळते, हे भाभांमुळे कळले. यातली एक गोष्ट दुसरीची भरपाई करत नाही. दोन्ही एकत्रच मोजाव्या लागतात.

२४ जानेवारीला मी त्या कामगारांसाठी दुवा मागतो. आता भाभांचे नावही त्यात घेतो.