मास्तरकीचा परवाना : आडवाट आणि पळवाट

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आमच्या वस्त्यांमध्ये बैठका घेताना एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा मुलगा दिवसभर रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबत असतो. विचारणारी मुलगी लग्न होऊन आलेली असते, पदवी झालेली असते, पण रोज पुण्याला जाऊन कॉलेज करणे तिला शक्य नसते. प्रश्न एवढाच : "मोबाईलवर जाहिरात आलीय, घरबसल्या डी.एड., बी.एड. होतं म्हणतात. करू का?"

यावर प्रस्थापितांचे उत्तर ठरलेले आहे. ते म्हणतात, असल्या आडवाटेने मास्तर झालेल्यांनी शिक्षणाचा दर्जा घालवला. दुसरीकडे क्लासवाले म्हणतात, पैसे भरा, सर्टिफिकेट घ्या. आम्हाला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास याच भागातून गेलेला आहे.

सुरुवात सावित्रीमाईंपासून करू. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, एवढे सगळ्यांना पाठ असते. पण सावित्रीमाई शिक्षिका झाल्या कशा, हे फार कमी सांगितले जाते. शूद्र घरातल्या स्त्रीला शिक्षक करील अशी संस्था त्या काळच्या ब्राह्मणी व्यवस्थेत नव्हतीच. आधी जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले. पुढे अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. 'नॉर्मल स्कूल' म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा. पुणे-नगर रस्ता आपल्या शिरूरवरूनच जातो. त्या रस्त्याच्या दोन टोकांवर आपल्या पहिल्या शिक्षिकेचे प्रशिक्षण झाले, हे शिरूरच्या प्रत्येक मुलीला माहीत असले पाहिजे.

दुसरे नाव सुभेदार रामजी सकपाळ. बाबासाहेबांचे वडील लष्करात होते, हे आपण सांगतो. ते शिक्षक होते, हे सांगायला विसरतो. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून त्यांनी अध्यापनाची पदविका घेतली आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. गावच्या शाळेत महाराच्या पोराला दाराबाहेर बसवत होते, त्याच काळात एक महार मुख्याध्यापक होता. कारण लष्कराला आपल्या शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा लागत होत्या आणि त्या शाळांना शिक्षक लागत होते. तिथे जात पाहून परवाना अडवणारा कुलकर्णी नव्हता.

लष्कराचे हे दार आपल्याला भीक म्हणून मिळालेले नव्हते. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी ज्या छावणीतून निघाली, ती छावणी शिरूरची. दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला काय झाले ते आम्ही इथे पुन्हा सांगत नाही. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथे गेले, तेव्हापासून तो आपल्या स्वाभिमानाचा इतिहास आहे. आम्हाला त्याची दुसरी बाजू दाखवायची आहे. लष्करी नोकरीमुळे आपल्या लोकांना पगार मिळाला, निवृत्तिवेतन मिळाले, तशी शाळाही मिळाली. पुढे 1892 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा नोकरी तर गेलीच, पण एका समाजाचा शिक्षक होण्याचा रस्ताही बंद झाला. दार कोणी उघडते आणि कोणी बंद करते, यावर पिढ्यांचे भवितव्य ठरते, ते असे.

तिसरा दाखला 1882 चा. हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. ते वाचताना आजचाच कागद वाचतोय असे वाटते. प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण आहेत, ते शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळत नाहीत, म्हणून शक्यतो शेतकरी जातींतून शिक्षक घडवा, असे त्यांनी सांगितले. खेड्यांतल्या महार-मांगांच्या मुलांना जातीच्या विटाळापायी शाळेबाहेर राहावे लागते, हेही त्यांनी मांडले. आणि प्रशिक्षित शिक्षकाला महिना 12 रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, मोठ्या गावात त्याहून जास्त द्या, अशी मागणी केली. म्हणजे शिक्षक कोणत्या समाजातून येतो, त्याचे प्रशिक्षण कसे होते आणि त्याला पगार किती मिळतो, हे तीन प्रश्न फुल्यांनी एकत्र मांडले. आजचे सरकार ते मुद्दाम वेगवेगळे करते.

त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनीही साक्ष दिली. स्त्रियांना शिक्षक म्हणून प्रशिक्षण द्या, ही त्यांची मागणी होती. या रमाबाईंनी पुढे दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभे केले आणि दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली-बायकांना तिथे आसरा व शिक्षण दिले. रमाबाईंच्या धर्मविषयक भूमिकेवर वाद असतील. पण ज्यांना समाजाने टाकून दिले त्यांना शिकवता येते, हे केडगावने दाखवून दिले, आणि तो इतिहास दौंडचा आहे.

पुढे 1935 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात शिक्षक प्रशिक्षणाचे कॉलेज काढले. बहुजनांची पोरे व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन मास्तर झाली, नोकरी करता करता पी.टी.सी. झाली. आपल्या वस्त्यांतल्या पहिल्या 'गुरुजीं'ची पिढी अशीच घडली. गावात धम्म, जयंती आणि वाचनालय सुरू करणारा माणूस बहुतेक वेळा हाच फायनल पास मास्तर असायचा.

या सगळ्या उदाहरणांत एक समान धागा आहे. मुख्य दार आपल्याला बंद होते, म्हणून आपले लोक बाजूच्या दाराने आत गेले. पण आत गेल्यावर त्यांनी प्रशिक्षण पूर्ण घेतले. सावित्रीमाई नॉर्मल स्कूलला गेल्या, रामजीबाबांनी पदविका मिळवली. ती आडवाट होती, पळवाट नव्हती. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाकडे पाहताना हीच कसोटी लावावी, असे आमचे म्हणणे आहे.

आता आजचा हिशेब मांडू. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. शिक्षकाची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद म्हणजे एनसीटीई ठरवू लागली आणि टीईटी आली. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर 2013 मध्ये झाली. पण देशभरात लाखो अप्रशिक्षित शिक्षक आधीच शाळांत शिकवत होते. खासगी संस्थांनी त्यांना स्वस्तात राबवले होते, सरकारने डोळेझाक केली होती. 2017 साली कायद्यात दुरुस्ती झाली : 31 मार्च 2019 पर्यंत पात्रता मिळवा, नाहीतर नोकरी जाईल. त्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने, म्हणजे एनआयओएसने, 18 महिन्यांचा डी.एल.एड. अभ्यासक्रम चालवला. पाठ 'स्वयम' पोर्टलवर आणि दूरदर्शन वाहिनीवर, संपर्क वर्ग अभ्यास केंद्रावर, सराव स्वतःच्या शाळेत. दहा लाखांहून जास्त शिक्षक त्यात उतरले. शिक्षक होण्याच्या ऑनलाइन वाटेचा देशातला हा सर्वात मोठा प्रयोग.

मग काय झाले? ज्या सरकारी यंत्रणेने ही पदविका घ्यायला लावली, तिनेच पुढे सांगितले की नव्या भरतीला ती चालणार नाही. पाटणा उच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की 18 महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीची नाही. त्यानंतर त्याच न्यायालयाने खुलासा केला की ठरलेल्या तारखेला जे नोकरीत होते आणि ज्यांनी मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण केला, त्यांची पदविका वैध धरावी. एवढी वर्षे शिक्षकाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. वाट सरकारने दाखवली, तिच्यावरून चालल्याची शिक्षा मात्र चालणाऱ्याला झाली.

महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा नाही. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली. पूर्ण पात्रताधारक प्राथमिक शिक्षकाला तीन वर्षे महिना 3,000 रुपये. फुल्यांनी 1882 मध्ये सन्मानाने जगता येईल असा पगार मागितला होता, त्याला 118 वर्षांनी मिळालेले हे उत्तर. याच काळात गावोगावी खासगी डी.एड. कॉलेजे निघाली. आईबापांनी जमिनी गहाण टाकून पोरांना डी.एड. केले. 2012 साली भरतीवर बंदी आली आणि ती पोरे पेट्रोल पंपावर, कंपनीच्या गेटवर दिसू लागली. टीईटीच्या गैरव्यवहारात 2022 साली 7,800 हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी गुण विकत घेतले आणि रात्र रात्र जागून अभ्यास करणारे आपले पोर दोन गुणांनी मागे राहिले. गुणवत्तेच्या नावाने आरक्षणाला शिव्या देणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने नोकरीतल्या शिक्षकांनाही कात्रीत धरले आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असेल तर दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आणि नव्या शिक्षण धोरणानुसार 2030 पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता व्हायची आहे. प्रशिक्षण जास्त सखोल होणार असेल तर आमचा विरोध नाही. पण मजुरी करणाऱ्या घराला चार वर्षे एक कमावता हात कमी करणे परवडते का, हे धोरण ठरवणाऱ्यांनी कधी विचारले?

इथे आम्ही आपल्याच लोकांना एक कडू गोष्ट सांगणार आहोत. जिल्हा परिषदेच्या शाळांत आज कोणाची लेकरे बसतात? आपली. ज्यांच्या हातात पैसा आहे त्यांनी आपली मुले केव्हाच इंग्रजी शाळेत घातली. म्हणून कच्चा, न शिकलेला, सर्टिफिकेट विकत घेतलेला मास्तर सगळ्यात आधी आपल्याच पोरांचे वाटोळे करतो. स्वस्त परवाना ही आपली मागणी असूच शकत नाही. आपली मागणी आहे ती पूर्ण प्रशिक्षणाची, जे आपल्या दारापर्यंत येईल.

म्हणून त्या मुलाला आणि मुलीला आमचे उत्तर असे. संपूर्ण ऑनलाइन बी.एड.ला एनसीटीईची मान्यता नाही. तशी जाहिरात आली तर एक रुपयाही भरू नका. एनआयओएसचा तो अभ्यासक्रम नोकरीत असलेल्यांसाठी होता, आणि त्याची मुदत संपली. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.एड. आहे, पण तो सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे. नव्याने शिक्षक व्हायचे असेल तर मान्यताप्राप्त कॉलेजात नियमित डी.एल.एड. किंवा बी.एड. करा, प्रवेशाआधी संस्थेची मान्यता तपासा, शिष्यवृत्तीचा अर्ज सोडू नका. मोबाईलचा उपयोग टीईटी आणि टेटच्या अभ्यासासाठी करा. विहारातली खोली संध्याकाळी रिकामी असते, तिथे अभ्यासिका चालवा.

आणि चळवळीने सरकारकडे मागावे ते हे : जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची केंद्रे शिरूर आणि दौंडसारख्या तालुक्याच्या गावी आणा. सिद्धांताचा भाग ऑनलाइन ठेवा, सराव मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत, अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली, आणि सरावाच्या काळात विद्यावेतन द्या. एकदा दिलेली पदविका नंतर नाकारणार नाही, याची कायद्याने हमी द्या. रिकाम्या जागा बिंदुनामावलीप्रमाणे भरा.

रामजीबाबांना लष्कराने प्रशिक्षण दिले, कारण लष्कराला शिक्षकाची गरज होती. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलेल्या आपल्या लेकरांना शिक्षकाची गरज आहे. ही गरज सरकारला दिसत नसेल तर ती दाखवून देणे हे आपले काम आहे. विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आपण दरवर्षी लाखोंनी जमतो. त्यातल्या शंभरांनी जरी तिथून परतताना तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे ही मागणी लेखी दिली, तरी सुरुवात होईल.

जय जोती! जय सावित्री! जय भीम!