डुकराची लाल हाडं: हाड जिवंत असतं हे कसं कळलं?

आजचा विषय हाडं, आणि त्याला कारण माझी आजी. गेल्या वर्षी ती घरातच पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट येऊन म्हणाल्या, "चला आजी, उभं राहायचंय." आम्ही सगळे एका सुरात, "अहो, राहू द्या की, आत्ताच तर ऑपरेशन झालंय." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "झोपवून ठेवलं तर उरलेली हाडंही जातील."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कारण आपल्या मनात हाड म्हणजे न बदलणारी गोष्ट. आपण "हाडाचा शिक्षक" म्हणतो, "हाडाचा शेतकरी" म्हणतो, म्हणजे जो आतून तसाच आहे आणि तसाच राहणार. मग झोपून राहिल्याने हाड "जातं" म्हणजे काय? हाड जिवंत आहे, हे मुळात कळलं कधी आणि कसं?

आधी हाड कशाचं असतं ते पाहू. दोन मुख्य गोष्टी: कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू, आणि त्यांच्यात बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक स्फटिक. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं की स्फटिक विरघळतात आणि हाड रबरासारखं वाकतं. उलट जाळलं तर तंतू जातात, खनिज उरतं आणि हाड ठिसूळ होतं. चितेनंतर आपण ज्या अस्थी गोळा करतो, तो हा खनिजाचा भाग. लवचिकपणा तंतूंचा, कडकपणा खनिजाचा.

आता गोष्ट. १७३६, लंडन. जॉन बेल्चिअर नावाचा सर्जन एका कापड छापणाऱ्याच्या घरी जेवायला गेला होता. ताटात डुकराचं मांस होतं. मांस नेहमीसारखंच, पण हाडं लाल! चौकशी केल्यावर उलगडा झाला. छापलेल्या कापडावरचा जादा रंग काढायला ते लोक कोंडा वापरत, आणि तो कोंडा नंतर डुकरांना घालत. रंग होता मॅडर नावाच्या झाडाच्या मुळांचा. आपल्याकडची मंजिष्ठा ही याच मॅडरची चुलत बहीण. बेल्चिअरने मग एका कोंबड्याला मुद्दाम हा रंग खाऊ घातला. त्याचीही हाडं लाल झाली. त्याने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छोटंसं टिपण छापलं.

हाडंच का? तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. आज आपल्याला कळतं, की मॅडरमधलं अलिझारिन हे द्रव्य कॅल्शियमला धरून बसतं. जिथे नवीन हाड तयार होत असतं, तिथे ते त्या हाडातच अडकतं. म्हणजे नव्या बांधकामावर आपोआप तारखेचा शिक्का. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला टाइमस्टॅम्प म्हणू.

याचा खरा उपयोग केला फ्रान्समधल्या द्युहामेल द्यु मोन्सो याने. हा झाडांचा आणि शेतीचा अभ्यासक. त्याने जनावरांना काही दिवस मॅडर दिलं, मग काही दिवस साधं खाणं, मग पुन्हा मॅडर. हाड कापून पाहिलं तर लाल, पांढरा, लाल असे थर! झाडाच्या खोडातली वलयं असतात तसेच. हाड जाडीत वाढतं ते बाहेरून थर चढत जाऊन, हे त्याने डोळ्यांनी दाखवलं.

पण त्याचा दुसरा एक प्रयोग त्याला चकवून गेला. वाढत्या वयाच्या प्राण्याच्या हाडाभोवती त्याने चांदीच्या तारेचं कडं घातलं. काही काळाने पाहिलं तर कडं बाहेर नव्हतंच, ते हाडाच्या आतल्या पोकळीत पोचलं होतं. त्याला वाटलं, हाड फुगत गेलं आणि तार त्यातून आत कापत गेली.

खरं उत्तर मिळालं जॉन हंटरच्या कामातून. हा मूळचा स्कॉटलंडचा, लंडनमधला सर्जन. त्याने डुकराच्या पिल्लाच्या पायाच्या हाडात दोन भोकं पाडून शिशाचे छर्रे बसवले. डुक्कर मोठं झालं, हाड लांब झालं, पण दोन छर्ऱ्यांमधलं अंतर तेवढंच! म्हणजे हाड रबरासारखं ताणलं जात नाही, लांबी टोकांकडे वाढते. मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची जी पट्टी असते, तिथलं हे काम. वयात आल्यावर ती पट्टी हाडात बदलते आणि उंची थांबते.

हंटरचा सगळ्यात मोठा मुद्दा मात्र वेगळाच. त्याचं म्हणणं, नुसती भर पडून हाडाचा आकार टिकूच शकत नाही. बाहेरून थर चढत असताना आतून हाड काढूनही घेतलं जात असलं पाहिजे. आता ते चांदीचं कडं आठवा. ते जागचं हललंच नव्हतं. त्याच्यावर नवं हाड चढलं, आतलं जुनं हाड गेलं, आणि कडं पोकळीत उघडं पडलं. हंटर १७९३ मध्ये गेला, त्याचा हा निबंध छापला गेला त्यानंतर काही वर्षांनी.

पाडतं कोण, हे कळायला १८७३ उजाडलं. तेव्हा जर्मनीत काम करणाऱ्या कोलिकरने अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी दाखवल्या, ज्या हाड विरघळवतात. त्या ऑस्टिओक्लास्ट. बांधणाऱ्या पेशी ऑस्टिओब्लास्ट.

आणि कुठे बांधायचं, कुठे पाडायचं हे ठरवतं कोण? इथे एक इंजिनिअर येतो, म्हणून हा भाग माझा लाडका. १८६६च्या सुमारास झुरिचमध्ये शरीरशास्त्रज्ञ फॉन मेयर मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उभा छेद दाखवत होता. आत जाळीदार हाडाच्या कमानी. कार्ल कुलमान हा पूल आणि क्रेनची गणितं करणारा माणूस. त्याच्या लक्षात आलं, की या रेषा क्रेनमधल्या ताणाच्या आणि दाबाच्या रेषांसारख्या आहेत. पुढे बर्लिनच्या युलिउस वोल्फने १८९२ मध्ये पुस्तकच लिहिलं: भार बदलला की हाडाची रचना बदलते. त्याच्या गणिताचे सगळे तपशील टिकले नाहीत, पण मूळ कल्पना टिकली.

माणसाला मॅडर खायला घालून हाड कापता येत नाही. पण विसाव्या शतकात कळलं, की टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविकही नव्या हाडात अडकतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. अमेरिकेतल्या हॅरल्ड फ्रॉस्टने त्याचा पद्धतशीर वापर केला. ठरावीक दिवसांच्या अंतराने दोनदा औषध द्यायचं, मग हाडाचा छोटा तुकडा काढून दोन चमकत्या रेषांमधलं अंतर मोजायचं. द्युहामेलचाच प्रयोग, फक्त माणसावर.

त्यातून जे चित्र उभं राहिलं ते असं: मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी नवा होतो. एका जागी पाडकाम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, पण ती जागा भरायला तीन-चार महिने लागतात. खरी मेख इथे आहे. पाडणं झटपट, बांधणं सावकाश. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, पाडणाऱ्यांवरचा लगाम सुटतो आणि बांधणारे मागे पडतात. हाडावर भार नसला तरी तेच. अंतराळवीरांच्या खुब्यासारख्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता पुरेशा व्यायामाशिवाय महिन्याला एक ते दीड टक्का घटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचंही हाड असंच झिजत जातं, फक्त वेग वेगळा. हाड ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी बरीचशी औषधं पाडणाऱ्या पेशींनाच आवर घालतात. म्हणजे हंटरचा मुद्दा आज गोळीच्या रूपात घरोघरी आहे.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे सल्ला देत नाही. पण दोन गोष्टी मला स्वतःसाठी कळल्या. एक, हाडांची कमाल घनता तिशीच्या आसपास गाठली जाते, पुढे ती हळूहळू उतरते. मी एकोणतीस वर्षांचा, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. हा भाग लिहिताना मी तीनदा उठलो. दोन, वयस्कर माणसाला "तुम्ही बसा, आम्ही करतो" म्हणणं ही नेहमीच सेवा नसते.

आजी आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. परवा तिला डुकरांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे मी पडले तेव्हाची हाडं आता नाहीत म्हण की." सगळी नाही आजी, पण थोडी नक्कीच बदलली.

आजच्यासाठी इतकंच. पुढच्या भागात भेटू.